कापडगंजातून कुर्त्यासाठी सुती कापड आणि अस्तर घेतलंय. टेलरकडे देण्याआधी भिजवायचं का?

दोन्ही भिजवा. अस्तर तर नक्कीच, कारण तेच विसरलं जातं. मग पहिल्या धुण्यात अस्तर आकसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि घेराला चुण्या पडतात. त्या इस्त्रीनं जात नाहीत.

साधं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, जास्त करून लांबीत. अडीच मीटरला साडेसात ते साडेबारा सेंमी धरा. म्हणून घेतानाच १५ सेंमी जास्त मागा.

रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, पण गडद रंगाचं वेगळ्या बादलीत. (मिठानं रंग पक्का होतो म्हणतात, होत नाही.) खळ निघून पाणी गढूळ होईल, ते ओता. पिळू नका, धागे तिरके होतात. सावलीत वाळवा आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. खळ गेल्यावर कापड जाळीदार वाटलं तर विणच विरळ होती असं समजा.

शंभर टक्के सुती सांगितलंय, पण खात्री नाही? उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढून वेगवेगळे जाळा, कारण भेसळ कधी कधी एकाच बाजूला असते. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख बोटात विरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक गोळी होते. रेयॉन मात्र सुतीसारखंच जळतं, तिथे ही परीक्षा फसते. ओल्या धाग्याला ओढून बघा: रेयॉन पटकन तुटतं.