बॅनरवर अपंग लिहायचं की दिव्यांग?

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या महिला मंडळाचा ३ डिसेंबरचा, म्हणजे जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम आहे, गावातल्या लोकांना युडीआयडी कार्डाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या अपंगांसाठीच्या ओळखपत्राचे, फॉर्म भरून द्यायचेत आणि बॅनर छापायला टाकायच्या आधीच वाद झालाय. एक जण म्हणतो "दिव्यांग बांधव मेळावा" लिहा, दुसरी म्हणते अस्सल मराठी शब्द अपंग, तिसऱ्याने विकलांग काढलाय. त्या विचारतायत की बरोबर कुठला.

आधी उत्तर देते. फॉर्मवर दिव्यांगच लिहावं लागेल, कारण खात्याचं नाव, योजनांची नावं, दाखल्याचं नाव, सगळं आता तेच आहे. बॅनरवर मात्र "अपंग व्यक्तींसाठी" लिहिलंत तर काहीही चुकीचं नाही. का ते सांगते, जरा लांबेल.

दिव्यांग हा शब्द चालू झाला तो २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'पासून. पंतप्रधानांनी विकलांगऐवजी दिव्यांग म्हणूया असं सुचवलं, आणि २०१६ चा हक्कांचा कायदा आला तेव्हा त्याच्या हिंदी नावात दिव्यांगजन आलं. म्हणजे बदल हिंदीतल्या विकलांगला होता, आपल्याकडे तो शब्द फारसा नव्हताच, मराठीत विकल म्हटलं की मन विकल झालं हेच आधी आठवतं, तो उरलाय तो बहुविकलांगसारख्या जोडशब्दात. पण हिंदीमागोमाग आपलंही अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभाग निघाला. (वेगळा विभाग ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.)

आता अपंग. हा अ + पंग आहे का, मग त्याचा अर्थ उलटा, पंगू नसलेला असा, नाही का होत, असं बरेच जण विचारतात. तसं नाही. संस्कृतात अपांग आहे, अप म्हणजे गेलेलं, कमी झालेलं, आणि अंग म्हणजे अवयव. (अपांगचा दुसरा अर्थ डोळ्याचा कोपरा, तो वेगळा.) पांगळा आला पंगूवरून, त्याचा याच्याशी संबंध नाही. पांगळा हा शब्द हाका मारून मारून टोचरा झाला, अपंग तसा झाला नाही, तो पहिल्यापासून दाखल्यातला, एसटीतल्या राखीव सीटच्या वरचा शब्द राहिला. आणि खरं सांगायचं तर बोलताना लोक तिसरंच म्हणतात, हँडिकॅप. हँडिकॅपचा डबा, हँडिकॅपचं सर्टिफिकेट. गेली काही वर्षं मी दाखल्याच्या कॅम्पला लोकांसोबत जाते, रांगेत कुणी स्वतःला दिव्यांग म्हणताना मी फार क्वचित ऐकलंय. एकदा तर टेबलावरचे साहेब एका बाईंना चांगल्या भावनेनेच "या दिव्यांग ताई" म्हणाले, त्या कुबडी भिंतीला टेकवून शांतपणे म्हणाल्या, "साहेब मी अपंग हाय, एसटीचा पास कुठं मिळंल तेवढं सांगा." एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत असते, तिच्यासाठी त्या दोन जिने चढून आलेल्या.

मला दिव्यांगची अडचण वाटते ती इथंच. मराठीत असा शब्द आधीपासून आहे बघा, प्रज्ञाचक्षू. विदर्भातले गुलाबराव महाराज, तान्हेपणीच दृष्टी गेली, केवढी ग्रंथरचना केली, त्यांना लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि ते शोभतं, कारण ती एका माणसाच्या कामाला दिलेली पदवी आहे. पण उद्या फॉर्मवर 'प्रज्ञाचक्षूचा प्रकार आणि टक्केवारी' असा रकाना आला तर? दिव्यांगचं तेच झालंय, पदवी उचलून रकान्यात घातली. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं असं आपण लिहितो, पण दिव्य टक्क्यांत कसं मोजणार. शिवाय मराठीत दिव्यचा अजून एक अर्थ आहे, दिव्य करणे, अग्निदिव्य. ज्यांना एका सहीसाठी जिना चढायचं दिव्य करायला लागतं त्यांना दैवी म्हणण्यापेक्षा टेबल खाली आणावं हे अपंगांच्या संघटना तेव्हापासून सांगतायत, २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताबद्दल लिहिताना दिव्यांगजन हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली.

तरी दुसरी बाजूही खरी आहे. आमच्याच कॅम्पला एक वडील म्हणाले, पोराला सगळे लंगड्या म्हणायचे, आता सरपंच दिव्यांग म्हणतात, बरं वाटतं ऐकायला. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की शब्द चुकीचा आहे? ज्याला जो आवडतो तो त्याच्यासाठी वापरायचा, एवढं सोपं आहे ते. आणि लंगड्याबद्दल म्हणाल तर २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ आहे, चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे, हे बॅनरवर नाही तरी भाषणात नक्की सांगा.

मूकबधिर मात्र लिहू नका. ऐकू न येणाऱ्याचा आवाज बहुतेकदा शाबूत असतो, आणि खुणांच्या भाषेत तर ही मंडळी भरभरून बोलतात, मुकी कुठली. कर्णबधिर लिहा. त्यात कर्ण कशाला, बधिर म्हणजे बहिराच ना, असंही विचारतात, पण मराठीत दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करतात, धक्क्याने मन बधिर होतं, म्हणून कर्ण हवा. मतिमंदही नको, त्यातला मंद शाळेच्या मैदानावर शिवी झालाय, बौद्धिक अक्षमता म्हणा.

आणि खरं तर आपल्या भाषेत लेबलाशिवाय बोलायची फार सुंदर सोय आहे. "तो आंधळा आहे" यात माणूसच आंधळा होऊन बसतो. "त्याला दिसत नाही" म्हटलं की माणूस आख्खा राहतो, न दिसणं ही त्याच्या बाबतीतली एक गोष्ट होते. मला ऐकू येत नाही, तिला चालता येत नाही, आपण रोज असंच बोलतो, मग बॅनर लिहायला बसलं की संस्कृत का सुचतं कळत नाही.

बॅनरवर असं साध्या भाषेत लिहायचं अजून एक कारण आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत, त्यात ऑटिझम आहे, पार्किन्सन आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहे. अपंग काय किंवा दिव्यांग काय, दोन्हींत अंग आहे, ते वाचून सिकल सेल असलेल्या मुलीची आई म्हणणार हे आपल्यासाठी नाही, हातपाय तर नीट आहेत, आणि पुढे निघून जाणार. गडचिरोली-नंदुरबारकडे तर असली घरं किती तरी आहेत. तर मोठ्या अक्षरात "अपंग व्यक्तींसाठी दाखला व युडीआयडी कार्ड शिबिर" आणि खाली साध्या भाषेत, "दिसत नाही, ऐकू येत नाही, चालायला त्रास होतो, मूल उशिरा शिकतंय, मानसिक आजार आहे, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया आहे, सगळ्यांनी या, आधार कार्ड आणा."

बांधव काढून टाका, बायकाही येणार आहेत. आणि कार्यक्रम पहिल्या मजल्यावर ठेवला असेल तर बॅनर छापायच्या आधी हॉल बदला.