वरचा करार असताना खाली दुसरा कसा होतो?

प्रश्न : सर नमस्कार. माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टजवळ मशीन पार्ट्सच्या कंपनीत आहे. लागला तेव्हा आठवड्याला ३५ तास होते, युनियनचा करारच तसा. आता कंपनी म्हणते ३८ तास भरा, पगार तेवढाच, नाहीतर नवी लाईन हंगेरीला टाकू. आणि यावर म्हणे युनियननीच सही केली! मी पिथमपूरला नोकरी केलेला माणूस, मला काही हे पटत नाहीये.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काका, होतं असं, आणि कायदेशीरच होतं. पण आधी पिथमपूर जरा बाजूला ठेवा. तिथे करार गेटच्या आत होतो, एक कंपनी एक युनियन, शेजारच्या कंपनीत काय मिळालं त्याच्याशी देणंघेणं नाही. जर्मनीत आयजी मेटाल ही युनियन मालकांच्या संघटनेशी बसते आणि अख्ख्या प्रांतातल्या मेटल-इलेक्ट्रिकल उद्योगाचा एकच करार करते. (आपल्या मिलच्या जमान्यात थोडंफार असं होतं बघा, १९६० च्या मध्य प्रदेशच्या कायद्यात एका भागातल्या एका उद्योगाला एक प्रतिनिधी युनियन.)

या वरच्या करारापेक्षा कमी द्यायचं तर १९४९ च्या त्यांच्या कायद्यात एकच वाट आहे, खुद्द करारातच तशी सूट लिहिलेली हवी. कामगाराच्या फायद्याचं काही द्यायचं असेल तर ते कधीही चालतं. म्हणजे सूट द्यायची का नाही हे युनियनच्याच हातात.

मग युनियननी दिली कशाला? सुरुवात १९८४ ची. ३५ तासांसाठी मोठा संप झाला, मिळाले साडेअडतीस (३५ पुढे टप्प्याटप्प्यानी आले), आणि तेही सरासरी, म्हणजे कोणी किती तास भरायचे हे एकेका कारखान्यात ठरवा असं मान्य करावं लागलं. तास कमी झाले पण ठरवायचा हक्क थोडा खाली गेला. मग पूर्व-पश्चिम जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या कंपन्या धापा टाकायला लागल्या तेव्हा १९९३ मध्ये बुडत्या कंपनीसाठी सूट आली. खरा बदल फेब्रुवारी २००४ मध्ये फोर्त्सहाइम गावी युनियन आणि मालकांच्या संघटनेत झालेल्या करारानी झाला, आता कंपनी बुडतच असायला पाहिजे असं नाही, स्पर्धेत टिकायला किंवा गुंतवणूक टिकवायला पण सूट मागता येते. भाच्याचं प्रकरण बहुतेक यातलंच.

त्याच वर्षी सीमेन्सच्या बोखोल्ट आणि काम्प-लिंटफोर्टच्या फोन कारखान्यांत काय झालं ते ऐका. काम हंगेरीला नेऊ म्हणाले, कामगार ३५ वरून ४० तासांवर आले, वरच्या ५ तासांचा पैसा नाही, बदल्यात नोकऱ्या टिकवायचा शब्द. २००५ मध्ये कंपनीनी मोबाईलचा धंदाच तैवानच्या बेनक्यू कंपनीला देऊन टाकला आणि २००६ मध्ये त्या मोबाईल कंपनीचं दिवाळं निघालं! तेव्हा भाच्याला विचारा, नोकरी टिकवू हे कागदावर किती वर्षांसाठी आहे, नवी लाईन इथेच टाकणार असं लिहिलंय का, कंपनीनी हिशेब उघडून दाखवले का. आणि तो स्वतः मेंबर आहे का, कारण कायद्यानी हा करार मेंबरांनाच लागू, बाकीच्यांना त्यांच्या नेमणुकीच्या कागदात तसं लिहिलं असेल तरच.

खरं सांगू, मला ह्या सह्यांची तेवढी भीती वाटत नाही, निदान युनियन टेबलावर तरी असते. भीती वाटते ती गुपचूप निघून जाणाऱ्या कंपन्यांची. तिकडे मालकांच्या संघटनेत 'कराराशिवाय मेंबर' असा प्रकार आहे, वकील वापरा, सल्ला घ्या, पण पगाराचा करार पाळायचा नाही. नव्या कंपन्या तर कित्येकदा आतच येत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत चारातले तीन कर्मचारी कराराखाली होते, आता देशभरात निम्मेच्या आसपास. २०१५ मध्ये साडेआठ युरोचं किमान वेतन कायद्यानी आणावं लागलं ते यामुळेच, पूर्वी बऱ्याच युनियननाच ते नको होतं, आमचं आम्ही बघू म्हणायच्या.

प्रश्न : भाचा वर्क्स कौन्सिल म्हणतो ती म्हणजे आपली वर्क्स कमिटीच ना?
— तेच वाचक

उत्तर : नाही हो. आपली कमिटी अर्धी मॅनेजमेंटची, चहा पिऊन मिनिट्स लिहायची. त्यांच्या कौन्सिलवर फक्त कर्मचाऱ्यांनी निवडलेली माणसं, ५ जण असले तरी निवडता येते, आणि शिफ्ट, ओव्हरटाईम यांना तिची हो लागतेच, नाहीतर लवादाकडे जा. पण तिला संप करता येत नाही, तो हक्क युनियनचाच, आणि सूट नसेल तर करारातल्या पगाराला हात पण लावता येत नाही. म्हणून कंपनीनी फक्त कौन्सिलची सही दाखवली तर भाच्याला म्हणावं, आधी युनियनच्या ऑफिसात जाऊन विचारून ये.