गाव उठलं तरी दप्तर उठत नाही

वाचकांचे प्रश्न : स्थानिक इतिहास

प्रश्न : आजीचं माहेर कोंबडभुजे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी गाव उठलं, माणसं पांगली. गावठाण, देऊळ आणि मसणवट नेमकी कुठे होती, हे पुढच्या पिढीला नकाशावर दाखवता येईल का?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : येईल. सुरुवात मात्र इंटरनेटवर नको, महसुलाच्या दप्तरापासून करा. घरं पाडली म्हणून ‘मौजे’ लगेच पुसलं जात नाही. माणूस राहत नसला तरी गाव बेचिराख म्हणून दप्तरात राहतं, आणि जनगणनेतही लोकसंख्या शून्य दाखवून नाव छापलेलं सापडतं.

बहुतेकांची पहिली फसगत जिल्ह्यावर होते. नवी मुंबई एक शहर दिसत असली तरी दप्तर दोन ठिकाणी आहे. ऐरोली, घणसोली, वाशी, तुर्भे, बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात. तर तुमचं कोंबडभुजे आणि विमानतळासाठी उठलेली उलवे, तरघर, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे ही बाकीची गावं पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. त्यातही रायगड हे नाव 1981 सालचं. त्याआधीचा कागद ‘कुलाबा’ या नावाखाली शोधा. आणखी मागे गेलात तर 1882 च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे. त्यातला खंड 14 स्थळांचा आहे. कुलाब्याच्या खंडात पनवेल शोधत बसणारे पुष्कळ भेटतात.

आता कागद. आजचा सातबारा मागू नका. त्यावर भूसंपादनानंतरचं नाव असणार, जुनं काही कळणार नाही. ज्या फेरफाराने (मालकीबदलाच्या नोंदीने) जमीन संपादित झाली त्याचा क्रमांक घ्या आणि एकेक फेरफार धरत मागे सरका. सोबत आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणारा तक्ता) आणि जुना गावनकाशा पनवेलच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून मागा. तिथे काही जुने अभिलेख मोडीत असतात. मोडी वाचणारा सोबत न्या, नाहीतर नकला घेऊन घरी तसेच बसाल.

मसणवटीसाठी जुन्या सातबाऱ्यावर ‘पोटखराब’, म्हणजे सर्व्हे नंबरातला लागवडीखाली न येणारा भाग, बघा. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला निकामी जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक वापरामुळे आकारणीतून वगळलेली : वाट, पाणवठा, दहनभूमी, दफनभूमी. खाजगी शेताच्या कडेला दोन-चार गुंठे ‘ब’ दिसले आणि शेरा कोरा असला, तर तो तुकडा टिपून ठेवा. सरकारी जमिनीत मसणवट असेल तर ती सरकारी जमिनींच्या नोंदवहीत, गाव नमुना 1 च्या पोटनमुन्यांत, वेगळी दाखवलेली असते. मोजणीची जुनी टिपणं साखळी-आण्यात असतात. 1 साखळी म्हणजे 16 आणे म्हणजे 33 फूट. 33 फूट लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे 1 गुंठा. हे ठाऊक नसलं की लोक आणा म्हणजे पैशाचा आकडा समजतात.

गावनकाशा आजच्या नकाशावर बसवताना न हललेल्या तीन खुणा लागतात, आणि तुमच्या बाबतीत खरी अडचण इथे आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. म्हणून टेकडीचा माथा किंवा नदीचं वळण खूण म्हणून धरलं तर सगळं गाव भलतीकडे सरकतं. त्याऐवजी जागेवर राहिलेल्या शेजारच्या गावांची शीव धरा, उदाहरणार्थ वहाळ, शेलघर. भारतीय सर्वेक्षणाचे नकाशेही जोडून बघा. त्यांच्या पत्रकांना क्रमांक असतात : ठाणे शहर 47 ए/16 मध्ये, बेलापूर 47 ई/4 मध्ये, पनवेल 47 एफ/1 मध्ये, उरण 47 बी/13 मध्ये येतं. कोंबडभुजे 19 अंश अक्षांशाच्या, म्हणजे पत्रकांच्या सीमेच्या, जवळ असल्यामुळे दोन पत्रकं शेजारी ठेवावी लागतील. 1 इंच = 1 मैल या मापाची जुनी आवृत्ती मिळाली तर सोनं.

अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर उपग्रहांनी 1960 ते 1972 दरम्यान काढलेली छायाचित्रं 1995 साली खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या ‘अर्थ एक्सप्लोरर’ संकेतस्थळावर ती आहेत. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली असतील तर फुकट उतरवता येतात. त्यातल्या चांगल्या फ्रेममध्ये खाजणाचे (खाडीकाठच्या खारजमिनीचे) बांध, मिठागरांचे चौकोन आणि गावठाणाचा पुंजका ओळखता येतो. फ्रेमच्या कडेला चित्र ताणलेलं असतं, म्हणून गाव मधोमध असलेली निवडा.

घरांचा आणि देवळांचा तपशील हवा असेल तर भूसंपादनाचा निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) आणि त्यासोबतचे पंचनामे माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये, नकलेला पानामागे 2 रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द ही मर्यादा आहे. ‘गावाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत की अर्ज परत. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि निवाड्याचं वर्ष घाला.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. जन्मगाव, वडिलांचा धंदा, कुठल्या पाड्यावरचं मूल, हे त्यात असतं. शाळा हलली की रजिस्टर बहुधा तिच्याबरोबर जातं. सगळं जमलं की नकाशाची मोठी छापील प्रत घेऊन गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे बसा. नुसतं ‘देऊळ कुठे होतं?’ विचारलं की ‘पिंपळाजवळ’ असं उत्तर मिळतं, आणि पिंपळ कधीच गेलेला असतो. कागद समोर असला की बोट जागेवर पडतं.

प्रश्न : उरणजवळ आमच्या वेशीवर शेंदूर फासलेला उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली गाढवासारखं काहीतरी. हा वीरगळ का? अक्षरं कशी वाचायची?
— एक वाचक, उरण

उत्तर : वीरगळ नव्हे, गधेगळ. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असते. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात असतो. गधेगळ हा दानाचा दगड : दिलेली जमीन कुणी हिरावली तर त्याच्या घरच्या बाईला लागेल अशी शिवी खाली कोरलेली. शिवी दगडात कोरून ठेवण्याइतका तेव्हा जमिनीचा तंटा चाले, आजही फार बदललं असं नाही.

उरण परिसरात हे नवल नाही. रानवड इथला, कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्यातल्या सोमेश्वराचा लेख शके 1181 चा, चांजे इथला शके 1182 चा. दोन्ही छापून झाले आहेत. तेव्हा ‘नवा शोध’ म्हणून बातमी देण्याआधी वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या लेखांचा खंड ग्रंथालयात उघडून बघा.

वाचनासाठी शेंदूर खरवडू नका. त्याखाली अक्षरं खोल असतील हा भ्रम आहे. आपला काळा दगड टणक, त्यावरची कोरणी उथळ. पत्र्याने घासलं की शेंदराबरोबर कडाही जातात. खडू, पीठ, पावडरही नको. खाचेत भरताना ती भेगेतही भरते आणि फोटोत नसलेला काना उमटतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून, 10 ते 15 अंशांत धरा. कॅमेरा तिवईवर, हलवायचा नाही. उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि चारही कोपऱ्यांतून टाकून आठ फोटो घ्या. आडव्या रेषा वरच्या उजेडात दिसतात, काने बाजूच्या उजेडात. म्हणून एका फोटोवर वाचन करू नये. शेजारी मोजपट्टी ठेवा. जागेचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा, म्हणजे चूक मीटरभराच्या आसपास राहते. शेवटच्या ओळी जमिनीत गेल्या असतील तर तशाच राहू द्या. दगड उकरून देवळाच्या ओट्यावर बसवला की कुठल्या शिवेची जमीन दान दिली होती तेच हरवतं.

सालाचा ताळा घेण्याची एक सोपी रीत. शकात 78 मिळवले की इसवी सन (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79). संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नावही वाचता आलं असेल तर शकात 12 मिळवून 60 ने भागा. बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. 1181 + 12 = 1193, बाकी 53, म्हणजे सिद्धार्थी. आकडा आणि नाव जुळलं नाही तर बहुतेक वेळा आकडा चुकीचा वाचलेला असतो.

प्रश्न : ठाण्यातल्या जुन्या थडग्यांची यादी करायची आहे. इंग्रजी, पोर्तुगीज, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), सगळीच. काय काळजी घ्यावी?
— इतिहास मंडळाचे सभासद, नौपाडा

उत्तर : आधी विश्वस्तांची लेखी परवानगी, मग वही. प्रत्येक थडग्याला रांग-क्रमांक द्या आणि मजकूर ओळ तोडून जसाच्या तसा उतरवा. स्पेलिंग ‘सुधारू’ नका, फुटलेली जागा चौकटी कंसात दाखवा.

संगमरवरावर पूर्वी शिशाची अक्षरं बसवत. शिसं गळून गेलं की शिल्लक राहतात ती बसवणीची बारीक भोकं. भोकांची मांडणी अक्षरागणिक वेगळी असते, म्हणून त्याच पाटीवरच्या शाबूत अक्षरांशी ताडून गेलेली ओळ पुष्कळदा उभी करता येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊन येत नाही. दीड-दोन फुटी आरसा बाजूला धरून ऊन तिरकं टाका. धुवायचं तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिडने संगमरवर साखरेसारखा दाणेदार होऊन झडतो. तडा गेलेल्या दगडाला पाणीसुद्धा नको.

इंग्रजी दफनांचा ताळा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या एन/3 या मालिकेत लागतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नकला त्यात आहेत. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च 1825 चं, त्याआधीचं दफन किल्ल्यातल्या फौजेच्या नावाखाली शोधा. पोर्तुगीज शिळा चर्चच्या फरशीत उताण्या सापडतात, पायाखाली झिजलेल्या; 1737 साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, तेव्हा बहुतेक त्याआधीच्या.

बेने इस्रायली दगडावर वर हिब्रू, खाली मराठी असं पुष्कळदा दिसतं. हिब्रू सालातून 3760 वजा करा. पण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना 3761. हजाराचा आकडा अनेकदा गाळलेला असतो : नुसतं 640 दिसलं तर 5640 समजा, म्हणजे 1879-80. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं, तेव्हा असा दगड तुम्हाला भेटण्याची शक्यता चांगली आहे. पेणकर, नवगावकर, राजपूरकर अशी आडनावं स्वतंत्र रकान्यात लिहा. कुटुंब रायगडच्या कुठल्या गावातून वर आलं याचा तो पहिला धागा.

मुसलमान कबरींवरच्या हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवा. 1300 हिजरी म्हणजे 1883 च्या आसपास. पादुका किंवा लहान लिंग असलेले चौथरे बहुधा गोसाव्यांच्या समाधी असतात, त्यांना ‘पडकं देऊळ’ म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : ठाण्याचा किल्ला आतून बघता येतो का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, आणि ज्यांना बघायला मिळतो त्यांचा हेवा करू नये : तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. बांधकाम पोर्तुगीजांचं, 1737 ला मराठ्यांकडे, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांकडे. इंग्रजांच्या कैदेतले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर 1816 मध्ये इथूनच निसटले. तटबंदी रस्त्यावरून दिसते. फोटो काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा.

प्रश्न : घराच्या पायात जुनी नाणी निघाली तर?
— एक वाचक, दिवा

उत्तर : 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वाटून घेतली किंवा सोनाराकडे नेली तर हक्कही जातो आणि गुन्हाही होतो. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. ज्या मडक्यात निघाली त्याच्या खापऱ्यांसकट आणि खोलीच्या मापासकट तहसीलदाराकडे द्या, पोच घ्या.