विहिरीत पोहायचं, पण पाण्यात काय आहे?

प्रश्न : सुटीत मुलं शेतातल्या विहिरीत पोहतात. पाणी तळाला गेलंय, हिरवटही दिसतं. केरळातल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्यांनी घरचे धास्तावलेत. ब्लीचिंग पावडर किती टाकावी?
– एक शेतकरी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आधी अमिबाचं. निग्लेरिया फौलेरी गोड्या, कोमट पाण्यात आणि तळच्या गाळात वाढतो. ४६ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता त्याला मानवते. पाणी पोटात गेल्यानं हा आजार होत नाही, नाकात जोरानं शिरलं तरच होतो. म्हणून पाणी कमी झालं की मुटके आणि सूर बंद. त्यानं गाळही ढवळतो. नाकाला क्लिप लावावी. आजार अत्यंत विरळा, पण झालेले बहुतेक रुग्ण दगावतात. पोहल्यावर १ ते १२ दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा आणि मूल पोहलं होतं हे न विचारता सांगा.

तरी आमच्या मते तुम्ही अमिबापेक्षा गोठ्याची काळजी जास्त करावी. गोठ्याचं नि शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत झिरपतं, पोहताना पोरं ते घोटभर गिळतात. मग जुलाब, विषमज्वर, कावीळ. कान ठणकणं तर नेहमीचंच.

पावडरचा हिशोब असा : व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तराला हजारानं गुणलं की लिटर मिळतात. ६ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी असेल तर साधारण ५६,५०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचं आणि नितळ पाण्याचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मीही कामाची राहत नाही. कोरडी फेकू नका, ती तळाला बसते. दोन बादल्यांत ७०-७० ग्रॅम घेऊन आधी घट्ट कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांनी वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, दोरानं विहिरीत सोडून वरखाली हलवा. खालचा चुना टाकून द्या. तासाभरानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून उरलेलं क्लोरीन मोजणारी ओटी चाचणी करून घ्या, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. हे संध्याकाळी करावं, उन्हात क्लोरीन उडून जातं. गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्ची पडतं, आणि गाळात दडलेल्या अमिबापर्यंत पोचेलच असं नाही.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर मात्र पावडर टाकूच नका. ते नीलहरित शेवाळ असू शकतं. पेशी फुटल्या की त्यातलं विष पाण्यात उतरतं. तिथं पोहणं बंद, जनावरांनाही पाणी दाखवू नये.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर गोदावरीत किती दिवस उतरू नये?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : जोराच्या पावसानंतर किमान तीन दिवस, नाल्याच्या तोंडाशी कधीच नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म (पाण्यातल्या घाणीची खूण असलेले जंतू) ५००पर्यंतच चालतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पायाला चीर किंवा जखम असेल तर उतरूच नका : उंदीर-गुरांच्या मुतातून आलेले लेप्टोस्पायराचे जंतू तिथून शिरतात. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना नदीत उतरल्याचं सांगा.