अमेरिकेचं काय झालं गं?

प्रश्न :

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. बारावी सायन्सला सांगलीत आहे, विश्रामबागेत मावशीकडे राहते. बाबांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. १ नोव्हेंबरला मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ‘अर्ली डिसिजन’मधून अर्ज केला. तिकडून आर्थिक मदत मिळाली तरच जाता येणार आहे. बागेत रात्री द्राक्षाची पानं किती तास ओली राहतात, याची मी दोन वर्षं वही ठेवलीय. अर्जातला निबंध त्यावरच लिहिला होता.

डिसेंबरच्या मध्याला निकाल होता, आपल्या पहाटे साडेपाचला. बाबा गावाहून गाडीवर अंधारातच आले. मावशीनं देवापुढं दिवा लावला. मी उघडलं तर ‘डिफर्ड’. अभिनंदन नाही आणि सॉरीही नाही. काका म्हणाले, “म्हणजे पुढच्या वर्षी घेणार!” बाबांनी तेच गावात सांगितलं. आता सगळे विचारतात, “अमेरिकेचं काय झालं गं?” आजीनं तर तासगावच्या गणपतीला एकवीस नारळ बोललेत.

काका म्हणतात, आमदारांचं पत्र जोडूया. पुण्याचे एक कन्सल्टंट पस्तीस हजारांत ‘डिफरलचं पॅकेज’ देतो म्हणतात. आणि मी रोज रात्री विद्यापीठाचं पोर्टल उघडून बघते. पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, पण पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसत नाही. सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. माझं काही कमी पडलं का? मी आता काय करू?

— तासगावची एक वाचक

उत्तर :

बाळ, तुझं पत्र मिळालं तेव्हा डिसेंबरचे दहाच दिवस उरले होते आणि आपला हा अंक निघतो जानेवारीच्या अखेरीला. म्हणून घाईचं तेवढं मी तुला फोनवर सांगितलं होतं, की दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज लगेच भर, कारण बऱ्याच ठिकाणची मुदत जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात संपते. तू पाच अर्ज भरलेस म्हणून कळवलंस. झालं तर मग. बाकीचं आता निवांत बोलू. अशीच आणखी दोन पत्रं आली आहेत, एक कऱ्हाडचं, एक मिरजेचं. त्या दोघांनीही हे वाचावं.

आधी काकांचा घोळ निस्तरू. ‘डिफर’ हा शब्द तिकडे दोन ठिकाणी वापरतात. प्रवेश मिळालेला विद्यार्थी “मी एक वर्षानं येतो” म्हणतो, तेव्हाही डिफर. काकांनी तो अर्थ कुठून तरी ऐकला असणार. तुझं तसं नाही. तुझा अर्ज त्यांनी लवकरच्या गठ्ठ्यात वाचला, त्यावर निर्णय घेतला नाही आणि जानेवारीत जे हजारो अर्ज येतात त्यांच्यात नेऊन ठेवला. तो पुन्हा वाचला जाईल आणि उत्तर मार्चअखेरीस येईल. पुढच्या वर्षीचा इथं काही संबंध नाही. गावात हे बाबांनीच सांगितलंय, तर दुरुस्तीही त्यांनाच करू दे. तू दारोदार फिरू नकोस.

हे कसं होतं ते मी माझ्या धंद्यातलं सांगते. एकतीस वर्षं सातारच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले की पहिल्या दहा-पंधरा पेपरांत एखादं उत्तर असं यायचं की तीन द्यावेत की चार, ठरेना. मी पेन्सिलनं बारीक खूण करायचे आणि तो पेपर बाजूला ठेवायचे. सगळा गठ्ठा पाहून झाला, वर्गानं एकंदर कसं लिहिलंय ते कळलं, की मग पेन. त्या पोरांचं काही चुकलं होतं का? नाही. मलाच अजून गठ्ठा दिसला नव्हता. तुझं काही कमी पडलं का, हे तू मला विचारतेस, पण तुझ्या अर्जावर सध्या फक्त पेन्सिलची खूण आहे. आता हेही सांगते, की त्या खुणेचे माझ्याकडे चार कमी वेळा झाले, तीन जास्त वेळा. निवड कडक असलेल्या कॉलेजांतही पुढं ढकललेल्यांपैकी बऱ्याच जणांना शेवटी नकारच येतो. खोटा दिलासा देऊन तुला मार्चपर्यंत झुलवायचं नाही मला.

एक गोष्ट मात्र तुझ्या फायद्याची झाली, आणि ती तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. अर्ली डिसिजन म्हणजे बांधीलकी. घेतलं तर येईनच, अशी सही तू केलीस, बाबांनी केली, कॉलेजनं केली. डिफर झाल्यावर ती बांधीलकी सुटते. मार्चमध्ये जिथून जिथून होकार येतील ते समोर ठेवायचे, कोण किती मदत देतंय ते बघायचं आणि साधारण १ मेपर्यंत ठरवायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलाला किती पैसे लागणार हे न बघता निवड करतात. बाकी बहुतेक ठिकाणी ते बघितलं जातं. अडीच एकरवाल्याच्या मुलीला चार पत्रं शेजारी ठेवून हिशेब करता येणं ही छोटी गोष्ट नाही. आणि यंदाच्या पावसानं बागेचं नुकसान झालं असेल, तर अर्जात दिलेला उत्पन्नाचा आकडा आता खरा उरलेला नाही. ते त्यांच्या आर्थिक मदत कार्यालयाला वेगळं कळव, कागदासकट.

आता पोर्टलचं. मी १९७८ साली बीएस्सी झाले आणि पुण्याच्या एका कॉलेजात एमएस्सीला अर्ज केला. प्रतीक्षा यादीत चौथी. (ते तुझ्यापेक्षा वाईट. प्रतीक्षा यादी म्हणजे जागा वाटून संपल्या, कुणी सोडली तर. तुझ्या जागा अजून वाटायच्या आहेत.) आमच्या मंगळवार पेठेत पोस्टमन अकराच्या सुमाराला यायचा. साडेदहापासून मी उंबऱ्यावर. तो गेला की दिवस संपला, मग काही करायचं नाही, उद्याचे अकरा वाजायची वाट बघायची. असे सहा आठवडे काढले. त्या सहा आठवड्यांत कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या अर्जाची मुदत येऊन गेली. फॉर्म आणून ठेवला होता, कपाटात, साडीच्या घडीखाली. पुण्याचं पत्र आलंच नाही, आणि माझं एक वर्ष गेलं. पुण्यानं घालवलं नाही ते. मी घालवलं, उंबऱ्यावर बसून.

तुझा पोस्टमन तर खिशात आहे आणि चोवीस तास येतो. मार्चच्या निकालाची तारीख आणि वेळ ते आधी कळवतात. फेब्रुवारीत रात्री दोन वाजता चोरून निकाल लावत नाहीत. पोर्टलचा पासवर्ड मावशीला बदलायला सांग आणि तिच्याकडेच ठेव. आठवड्यातून एकदा, रविवारी, तिच्यासमोर उघडायचं, कारण कधी एखादा कागद मागितलेला असतो. बाकी सहा दिवस नाही.

लोक म्हणतात, शेतकऱ्याच्या घरी वाट बघायला शिकवावं लागत नाही. मला हे कधी पटलं नाही. ऑक्टोबरात छाटणी झाली की तुझे बाबा वाट बघत बसतात का? आभाळ आलं की डाऊनीच्या, म्हणजे ओल्या पानांवर येणाऱ्या त्या बुरशीच्या भीतीनं रात्री अकराला फवारणीचा ब्लोअर काढतात. आणि आभाळ नसेल तेव्हा उगाच फवारतही नाहीत. त्यांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. काय फवारायचं याइतकंच कधी थांबायचं हेही बागायतदाराला कळावं लागतं.

म्हणून पत्र एकच. विद्यापीठाचा मेल पुन्हा नीट वाच. काही ठिकाणी नव्या माहितीसाठी ठरावीक फॉर्म असतो, काही ठिकाणी पत्र चालतं, काही स्पष्ट सांगतात की काही पाठवू नका. नको म्हटलं असेल तर नको. चालत असेल तर एका पानाच्या आत लिही, पोर्टलमधूनच पाठव. “निकाल बघून वाईट वाटलं” वगैरे लिहायचं नाही. निबंधात आलेलं पुन्हा नाही. १ नोव्हेंबरनंतर नवं काय घडलं, तेवढंच.

आणि तुझ्याकडे नवं आहे! फोनवर तू सहज बोलून गेलीस, की नोव्हेंबरच्या पावसात तुझ्या वहीनं बाबांच्या दोन फवारण्या वाचवल्या आणि तिसऱ्या वेळी वही चुकली, खालच्या चार ओळींत डाऊनी आली. मग तुझ्या लक्षात आलं, की मोजणी तू बांधावरच्या ओळीत करत होतीस आणि खालच्या ओळींत दव उशिरापर्यंत टिकतं. आता दोन ठिकाणी मोजतेस. हे लिही. वही चुकली हेसुद्धा लिही, तेच आधी लिही. मी परीक्षक असते तर तुझा पेपर तिथं पुन्हा उचलला असता. शेवटी एक वाक्य : घेतलंत तर मी येईन. पण हे मनापासून खरं असेल आणि पैशांचं जमणार असेल तरच.

आमदारांचं पत्र नको. आमदारांनी तुझी वही बघितली आहे का? नाही. मग ते काय लिहिणार, होतकरू आहे, कष्टाळू घराण्यातली आहे. ते पत्र वाचणाऱ्याला एवढंच कळतं की तुमची ओळख आहे. काकांना वाईट वाटू देऊ नकोस, त्यांना दुसरं काम दे, खाली सांगते. पस्तीस हजारवाल्यांना माझ्यातर्फे नमस्कार सांग. एका पानाच्या पत्राचे पस्तीस हजार!

दुसरं काम सहामाहीच्या मार्कांचं, आणि इथं आपली मुलं हमखास अडकतात. त्यांना ‘मिड इयर रिपोर्ट’ हवा असतो, म्हणजे बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण, कॉलेजकडून. तो तू पाठवायचा नाहीस. ज्या सरांनी कॉमन ॲपवर, म्हणजे तिकडच्या कॉलेजांचे अर्ज भरायच्या सामाईक वेबसाइटवर, तुझा पहिला रिपोर्ट भरला, त्यांनीच हा भरायचा. ऑफिसात जाऊन ‘मिड इयर’ म्हणालीस तर क्लार्क तुझ्याकडे बघत राहील. ‘प्रथम सत्राचं गुणपत्रक, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी’ असं माग. काकांना याच्यामागे लाव. कॉलेजच्या ऑफिसात चार खेपा घालायला त्यांच्याइतका चांगला माणूस नाही.

तुला अडुसष्ट टक्के आहेत म्हणून तू घाबरलीस. अगं, आपल्याकडे सहामाहीला आम्ही मुद्दाम हात आखडून मार्क देतो, पोरं बोर्डाला ढिली पडू नयेत म्हणून. मीही दिलेत. पण हे तिकडं बसलेल्या माणसाला कसं कळणार? म्हणून प्राचार्यांना विनंती कर, की सोबत दोन ओळी लिहाव्यात : या परीक्षेत वर्गात सर्वांत जास्त गुण किती आणि तुझा क्रमांक कितवा. अडुसष्ट टक्के आणि वर्गात दुसरी, यात फार फरक पडतो.

एवढं झालं की विद्यापीठाला देण्यासारखं तुझ्याकडे काही उरत नाही. उरतं ते इथलं. फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी. सीईटीचा फॉर्म भरला आहेस ना? फोनवर विचारलं तेव्हा तू “हो, बघते” म्हणालीस. ते “बघते” मला ओळखीचं आहे, माझा कोल्हापूरचा फॉर्म असाच साडीखाली होता. सांगलीत वालचंद आहे, १९४७ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि तू त्याच्या जवळच राहतेस. तिथं जागा मिळाली तर ती अमेरिका हुकल्याची भरपाई म्हणून घेऊ नकोस. तिथं प्रवेश मिळावा म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यातली पोरं जिवाचं रान करतात. अक्षर दिसत नाही म्हणतेस तर पुस्तक बाजूला ठेव आणि गेल्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडव. वाचताना मन पळतं. गणित सोडवताना त्याला तेवढी उसंत मिळत नाही.

गावाचं काय करायचं? “अमेरिकेचं काय झालं गं?” याला एकच उत्तर पाठ कर : “मार्चअखेर कळंल.” एवढंच. डिफर म्हणजे काय, अर्ली म्हणजे काय, हे पारावर समजावत बसलीस की प्रत्येक वाक्याला नवा प्रश्न येतो आणि संध्याकाळपर्यंत तुझं लग्न ठरतं. आजीच्या नारळांना हात लावू नकोस, तो तिचा आणि गणपतीचा व्यवहार आहे.

सरळ नाही म्हणाले असते तर बरं, हे मात्र मला खोडून काढता येत नाही. पहिले दोन आठवडे ते खरंच असतं. नकाराला निदान रडून मोकळं होता येतं. तू रडली नाहीस, असं मावशी म्हणत होती. बाबा दारात उभे होते म्हणून रडली नसशील. या रविवारी गावी जा, बागेत खालच्या चार ओळींत जा, तिथं कुणी बघत नाही.

ता. क. : तुझ्या बाबांचा परवा फोन आला होता. फेब्रुवारीत माल निघाला की त्या अमेरिकेच्या ऑफिसात दोन पेट्या द्राक्षं पाठवू का, असं विचारत होते. अजिबात नको म्हटलं. साताऱ्याला पाठवायला हरकत नाही.