‘संमती’ की ‘सहमती’, आणि शाबितीची जबाबदारी कुणावर?

प्रश्न एका बातमीतल्या वाक्यावरून आला आहे: ‘दोघांचे संबंध सहमतीने होते, असे आरोपीचे म्हणणे असून पीडितेला बलात्काराचा पुरावा देता आला नाही.’ विचारणाऱ्याच्या दोन शंका आहेत. इथे ‘सहमती’ बरोबर की ‘संमती’? आणि ‘बर्डन ऑफ प्रूफ’ला ‘पुराव्याचं ओझं’ म्हटलेलं चालेल का?

पहिलीचं उत्तर ‘संमती’, दुसरीचं ‘शाबितीची जबाबदारी’. पण त्या वाक्यात खरी चूक तिसरीच आहे आणि ती व्याकरणातली आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आधी संमती. सम् उपसर्ग, मन् धातू, ति प्रत्यय. सहमतीतली मतीही त्याच धातूची, त्यामुळे व्युत्पत्तीवरून निकाल लागत नाही. तो लागतो वापरावरून. जागावाटपावर सहमती होते, ठरावाच्या मसुद्यावर सहमती होते. दोन पक्ष आपापल्या जागेवरून सरकत एका मतावर आले, असं चित्र त्यात आहे. संमती एका माणसाची असते आणि ती दुसऱ्याच्या कृतीला असते. ऑपरेशनला रुग्ण संमती देतो; रुग्णाची आणि सर्जनची सहमती झाली, असं आपण म्हणत नाही. खटल्यात न्यायालयापुढे मुद्दा असतो तो ‘तिची संमती होती का’ हा. ‘सहमतीने संबंध’ लिहिलं की कुणाची, हा प्रश्नच वाक्यातून गळून पडतो आणि दोघं एका टेबलाशी बसून ठरवत होते, असा भास होतो. ‘परस्परसंमतीने’ त्यापेक्षा बरं, कारण त्यात निदान दोन वेगळ्या संमती मोजल्या जातात.

जवळचे बाकीचे शब्द थोडक्यात. अनुमती आणि परवानगी वरच्यानं खालच्याला द्यायची. मंजुरी कार्यालयाची. रुकार छान शब्द, पण आता कवितेतच उरला आहे. ‘राजीखुशीने’ जबाबात आणि बचावाच्या युक्तिवादात भेटतो, पण त्यातली खुशी कायद्यात कुठेच मोजली जात नाही. कायद्याला हवा आहे होकार. त्यामागे आनंद होता की नाही, याची चौकशी तो करत नाही.

हा होकार कसा असावा लागतो, ते २०१३च्या दुरुस्तीनं भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५च्या, म्हणजे बलात्काराच्या व्याख्येच्या, स्पष्टीकरणात घातलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते तसंच आलं आहे. त्याचा आशय असा: संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेचा होकार, स्त्रीनं तो शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही रीतीनं कळवलेला हवा, आणि तो त्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी होण्यासाठीचा हवा. ‘विशिष्ट’वर बोट ठेवा. चुंबनाला दिलेली संमती चुंबनापुरती. काल दिलेली काल संपली.

इथे मराठीची क्रियापदं दगा देतात. ‘संमती दिली होती’ असं पूर्ण भूतकाळात लिहिलं की किल्ली हातात देऊन टाकल्यासारखं वाटतं. त्याहून घसरडं क्रियापद म्हणजे ‘काढून घेणे’. ‘तिने संमती काढून घेतली’ म्हणजे दिलेली परत घेतली. ‘त्याने तिची संमती काढून घेतली’ म्हणजे? कबुलीजबाब काढून घेतात तशी उकळली. एकच क्रियापद, कर्ता बदलला की अर्थ उलटा. परत घेण्यासाठी ‘मागे घेतली’ हेच वापरावं. आणि ‘मिळवली’ लिहाल तर कशी मिळवली तेही लिहा, कारण भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, कायद्याच्या लेखी संमतीच नव्हे. जुन्या संहितेत हे कलम ९० मध्ये होतं, नव्या संहितेत २८ मध्ये आहे.

आता एक संस्कृत वचन, जे मराठी माणसाच्या जिभेवर बसलेलं आहे: मौनं संमतिलक्षणम्. सभेत ठरावाला कुणी हरकत घेतली नाही की अध्यक्ष हे म्हणतात, आणि तिथे ते शोभतं. या गुन्ह्यात ते उघड चुकीचं आहे. वरच्या स्पष्टीकरणालाच जोडलेलं परंतुक, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणारी पुरवणी, सांगतं की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असं मानता येणार नाही. हे परंतुक वाचताना ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला डोळ्यांसमोर हवा. घटना १९७२ची, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली, आरोपी पोलीस. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं संमती आणि निमूट शरणागती यांत फरक केला आणि शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, याला त्या निकालात मोठं वजन मिळालं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती आणि शरण जाणं एक नव्हे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. भाषेच्या अंगानं पाहिलं तर सगळा वाद ‘निमूट’ या एका विशेषणाचा आहे. निमूट माणूस गप्प असतो. तो कबूल असतो, असं कोणताही मराठी कोश म्हणणार नाही.

जखमांचा आग्रह मात्र ‘बलात्कार’ या शब्दातच दडलेला आहे, असं मला वाटतं. बलात् ही ‘बल’ची पंचमी: बळानं, जबरदस्तीनं, कार म्हणजे करणं. जुन्या संस्कृत धर्मशास्त्रात धनकोनं ऋणकोला अडकवून कर्ज वसूल करण्याच्या रीतीलाही बलात्कार म्हटलेलं आहे. शब्दात बळ आहे म्हणून ऐकणारा बळाच्या खुणा शोधतो. व्याख्येत मात्र सात परिस्थिती दिल्या आहेत आणि त्यांतली पहिली ‘तिच्या इच्छेविरुद्ध’, दुसरी ‘तिच्या संमतीवाचून’. दोन वेगळी वाक्यं उगाच नाहीत. झोपलेल्या बाईनं विरोध दाखवलेला नसतो, तरी संमतीही दिलेली नसते. इच्छेविरुद्ध असलेलं सगळं संमतीवाचून असतं. उलट मात्र खरं नाही. सहावी परिस्थिती वय अठराच्या आत असण्याची, तिथे संमती असो वा नसो, फरक पडत नाही. म्हणून ‘अल्पवयीन मुलीशी तिच्या संमतीने’ असं लिहिणं कायद्याच्या दृष्टीनं निरर्थक आहे. आणि पत्नी अठरा वर्षांहून लहान नसेल तर नवऱ्याला या कलमातून वगळलेलं आहे. तिथे संमती हा शब्द विचारातच घेतला जात नाही.

आता ‘ओझं’. पुराव्याचं ओझं म्हटलं की पुराव्यांचा ढीग झालाय असं वाटतं. कोर्टाच्या मराठीत रुळलेला शब्द आहे ‘शाबितीची जबाबदारी’. ‘सिद्धतेचा भार’ही चालतो. शाबीत हा अरबी साबितचा मराठी अवतार: पक्कं, ठाम उभं राहिलेलं. जबाबदारी अशासाठी चांगला शब्द की ती कुणाची तरी असते, आणि कुणाची, हाच खटल्याचा कणा. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम १०१ होतं, त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १०४ आहे: जो तथ्य मांडून न्यायालयाकडून निर्णय मागतो, त्यानं ते शाबीत करावं.

फौजदारी खटल्यात निर्णय मागतं कोण? राज्य. खटल्याचं नावच ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’ असतं. ती बाई पक्षकार नसते, साक्षीदार असते. इथे त्या बातमीतली तिसरी चूक येते: ‘पीडितेला पुरावा देता आला नाही’. सरकार पक्षाचं अपयश वाक्याचा कर्ता बदलून तिच्या नावावर लिहिलं गेलं. ‘संमती नव्हती, हे सरकार पक्षाला वाजवी शंकेपलीकडे शाबीत करता आले नाही’ असं हवं.

नसलेली गोष्ट शाबीत कशी करायची, असा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक वेळा साक्षीनंच. आणि ‘नुसती साक्ष आहे, पुरावा काही नाही’ हे वाक्य तर आपल्याच पायावर कुऱ्हाड मारतं, कारण न्यायालयापुढे दिलेली तोंडी साक्ष हा कायद्यानं पुरावाच आहे. ती विश्वासार्ह वाटली तर दुजोऱ्याशिवायही तिच्यावर शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६च्या ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग’सह अनेक निकालांत सांगितलं आहे. लिहिताना घोटाळा होतो तो जबाब आणि साक्ष यांत. पोलिसांनी नोंदवला तो जबाब. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवला तोही जबाबच, वजन जास्त असलं तरी. खटल्यात शपथेवर सांगितली आणि उलटतपासणीला सामोरी गेली ती साक्ष. ‘तिने साक्ष फिरवली’ असं बातमीत येतं तेव्हा बहुधा साक्ष जबाबाहून वेगळी आलेली असते.

हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. खुल्या पत्रानंतर देशभर वादळ उठलं आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. साक्ष्य अधिनियमात ते १२० आहे. ते सगळ्या खटल्यांना लागत नाही. आरोपी पोलीस, लोकसेवक, तुरुंगाचा किंवा रुग्णालयाचा कर्मचारी, नातेवाईक, शिक्षक, विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागेवरचा माणूस अशा गंभीर प्रकारांनाच लागतं. त्यातही क्रम आहे. आधी संभोग झाला हे सरकार पक्षानं शाबीत करायचं. मग प्रश्न फक्त संमतीचा उरायला हवा. मग तिनं न्यायालयापुढच्या साक्षीत ‘मी संमती दिली नव्हती’ असं सांगायला हवं. पोलिसांकडचा जबाब इथे पुरत नाही. तिन्ही झालं की न्यायालयानं संमती नव्हती असं गृहीत धरायचं, आणि उलट दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ती मात्र वाजवी शंकेपलीकडची नसते. संभाव्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. ‘आता आरोपीलाच निर्दोषत्व सिद्ध करावं लागतं’ असं सरसकट लिहिणारे हे सगळे ‘जर’ गिळतात.

‘गृहीत धरणे’चाही घोळ आहे. घरात ‘मला गृहीत धरू नकोस’ म्हणजे माझा विचार न करता ठरवू नकोस. भूमितीत गृहीतक तपासायचंच नसतं. कोर्टातलं गृहीत मात्र बहुधा तात्पुरतं असतं, उलट पुरावा आला की कोसळतं. शिवाय त्याला पायऱ्या आहेत: ‘गृहीत धरता येईल’, ‘गृहीत धरील’ आणि ‘निर्णायक शाबिती’. कलम १२० मधलं मधल्या पायरीवरचं आहे: न्यायालयाला ते धरावंच लागतं, पण आरोपीला ते खोडता येतं.

निकालाच्या बातमीतही असंच घडतं. पुरावा कायद्याला तथ्याच्या तीन अवस्था माहीत आहेत: शाबीत झालेलं, खोटं असल्याचं शाबीत झालेलं, आणि शाबीत न झालेलं. बोलताना आपण दुसरी आणि तिसरी एक करून टाकतो. ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ ही बहुधा तिसरी असते. त्यावरून ‘तक्रार खोटी निघाली’ असा मथळा देता येत नाही. त्याला दुसरी अवस्था लागते. आणि आरोपीच्या बाजूनंही तेवढंच खरं: निकालाआधी ‘आरोपी’, ‘नराधम’ नव्हे, शिक्षा झाली की ‘दोषी’.

‘लग्नाचं आमिष दाखवून’ हा मथळ्यांचा लाडका वाक्प्रचारही असाच. आमिष म्हणजे गळाला लावलेलं मांस. शब्दानंच गळ, मासा आणि कोळी ठरवून टाकले. न्यायालय आधी विचारतं की वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता, की नंतर मोडलं. पहिलं खोटं वचन, दुसरा वचनभंग, आणि वचनभंगानं संमती आपोआप रद्द होत नाही. शिवाय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन ठेवलेल्या संबंधांचा वेगळा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा, आणि तो बलात्कार नव्हे असं कलमातच म्हटलं आहे. गुन्हा ६९ खाली नोंदवलेला असेल तर ‘आमिष दाखवून बलात्कार’ हा मथळाच चुकतो.

राहता राहिलं शुद्धलेखन. ‘सम्मती’ हिंदीच्या वळणाचं; मराठीत संमती, शेवटी दीर्घ. समासात पूर्वपदी आली की ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिदर्शक, संमतिवय. या शेवटच्या शब्दानं १८९१ मध्ये महाराष्ट्र ढवळून काढला होता. संमतिवयाच्या कायद्यानं वयाची अट दहावरून बारावर नेली, टिळकांनी विरोध केला, सुधारकांनी पाठिंबा दिला. त्या सगळ्या वादात ‘संमतिवय’ हा शब्द अल्पवयीन बायकोलाही लागू होता. बायको अल्पवयीन असेल तर तो आजही लागू आहे.