फॉर्मवर ‘जोखीम जास्त’ आलं, म्हणजे मी वाईट आई आहे का?

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वारंवार येतो. पालकाकडून मुलाला मारहाण होण्याचा धोका किती, हे चाचपणारी प्रश्नावली पालकांनी कुठल्या तरी शिबिरात भरलेली असते आणि तिच्याखाली शेरा असतो, ‘जोखीम जास्त’.

अशोक चौकाकडची, घरी विड्या वळणारी एक आई (ओळखीचे तपशील बदलले आहेत) बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, पोराला काढून नेतात का ओ?”

“नुसत्या या कागदावरून कुणी नेत नाही, ताई. बसा.”

या प्रकारातली सर्वांत परिचित प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोएल मिल्नर यांची. १६० विधानं आणि ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’ एवढंच उत्तर. जोखमीचे गुण त्यांतल्या ७७ विधानांवरून काढतात. त्यांत पालकाची घालमेल, नाखुशी, ताठर अपेक्षा, घरच्या-बाहेरच्यांशी खटके असं बरंच येतं. गुण जास्त आले तर या माणसावर ताण फार आहे, इतकं कळतं. हात उचलला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हिशेब करून बघा. १००० पालकांत ५० जणांच्या घरी खरा धोका आहे असं धरू. चाचणीने त्यांतले ४५ ओळखले आणि उरलेल्या ९५० पैकी २० टक्क्यांबाबत ती चुकली, तर १९० जणांवर उगाच शिक्का बसतो. म्हणून चाळणीनंतर प्रत्यक्ष बोलणं हवंच.

आम्ही बोललो, बऱ्याच भेटी. एकदा मी विचारलं, “शेवटचं कधी मारलंत?”

“परवा. कारखान्यात विड्या बाद केल्या बघा, त्या दिवशी.”

“त्याच्या आधी?”

ती बराच वेळ बोटं मोडत राहिली. मी थांबले. मग म्हणाली, “तवा पण बाद केल्या होत्या की ओ, मॅडम. पोरानं काहीच केलं नव्हतं.”

हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरली असती. ते तिने स्वतः शोधलं. विड्या बाद झालेल्या दिवशी पोरगा आधी तासभर नणंदेकडे राहील, हा तोडगाही तिचाच. मुलाला दोष देणारी आई घटनांची साखळी स्वतः पाहते, तिथेच बदल सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर मी माझ्या प्रश्नांच्या यादीतला एक प्रश्न बदलला. ‘एकटं वाटतं का?’ याला दहा माणसांच्या घरातली बाई ‘नाही’च म्हणते. आता मी विचारते, ‘मूल रडत असताना ते कुणाच्या हाती देता येतं?’ उत्तर अडखळलं की कुठे मदत लागेल ते मला कळतं.

तुमचा शेरा असा आला असेल तर बेरजेपाशी अडकू नका. ‘हो’ लिहिलेली वाक्यं घेऊन समुपदेशकाकडे जा आणि खरं सांगा. मुलाच्या अंगावर वळ उठत असतील, हात आवरेनासा झाला असेल, तर प्रश्नावलीची वाट पाहू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, मलाही आणि तुम्हालाही.